गांडूळखताच्या हौदात चपट्या शिरला, आता काय?

पत्र: आमचं घर बेळगावात, वडगावला. मागच्या परड्यात नारळ, कढीपत्ता, अळू, हळद आणि तीसेक कुंड्या आहेत. कडेला दहा बाय तीन फुटांचा सिमेंटचा हौद बांधून दोन वर्षं गांडूळखत करते आहे. मृगात नर्सरीतून सात-आठ रोपं आणली. त्यानंतर हौदावरचं बारदान उचललं की खाली वीतभर लांब, चपटे, पिवळट तपकिरी किडे दिसू लागले. पाठीवर काळ्या रेघा आणि डोकं पंख्यासारखं पसरलेलं. एकानं तर चक्क गांडुळाला विळखा घातला होता. सासूबाईंनी खुरप्यानं तुकडे केले, तर पंधरा दिवसांत किडे वाढलेच. मग मामंजींनी हौदभर दोन पुड्या मीठ पसरलं. आता किडे आहेतच, गांडुळं मात्र मूठभर उरली आहेत. शेजारचे म्हणतात, दुकानातून दाणेदार औषध आणून टाका. हे आहे तरी काय? विषारी आहे का? घरात लहान मूल आहे, कुत्रं आहे. हौद वाचेल का? नवीन किलोभर गांडुळं आणून सोडू का?

उत्तर: ताई, हौद वाचेल. दाणेदार औषध आणू नका आणि नवीन गांडुळंही एवढ्यात आणू नका. गांडुळं मूठभर उरली त्याचा दोष सगळा किड्यांवर टाकू नका, त्यात मिठाचा वाटा मोठा आहे. गांडूळ ओल्या कातडीतूनच श्वास घेतं. खारं पाणी लागलं की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते तडफडून मरतं. किडे वर बारदानाच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेले, मीठ पडलं खाली खतावर. ते विरघळून मुरत गेलं थेट गांडुळांपाशी. म्हणजे ज्याला मारायचं तो वाचला आणि ज्याला वाचवायचं ते गेलं. मामंजींना बोल लावायचं कारण नाही, मीठ हे या किड्यावर खरंच चालतं. फक्त ते बरणीत चालतं, हौदात नाही. ती बरणी पुढं सांगतोच.

तुमच्या वर्णनावरून हा चपटकृमी आहे, बायपॅलियम क्यूएन्स नावाचा. १८७८ साली मोझली या प्राणिशास्त्रज्ञानं लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं, म्हणून नावात क्यू आलं. मूळचा तो आग्नेय आशियातला. कुंडीतल्या रोपांच्या मातीत बसून जगभर फिरला आणि तुमच्याकडंही बहुधा त्याच वाटेनं, त्या सात-आठ रोपांबरोबर आला. आपल्या बोलीत त्याला ठरलेलं नाव नाही. इथं आपण चपट्या म्हणू.

ओळख पक्की करून घ्या, कारण परड्यात त्याच्यासारखे दिसणारे निरुपद्रवी जीव बरेच असतात आणि घाईत तेच मारले जातात. चपट्याच्या पाठीवर लांबीला पाच गडद रेघा असतात, मानेशी अर्धवट काळा पट्टा आणि डोकं अर्धचंद्रासारखं. गांडुळासारख्या वळ्या अंगावर नसतात. चालतो तेव्हा अंग आखडत-पसरत नाही. ओल्या फरशीवरून रिबीन ओढावी तसा सरकत जातो, डोकं डावी-उजवीकडं फिरवत, मागं चिकट रेघ ठेवत. कुंडीत काळा, चकचकीत, दोऱ्याएवढा, हाताला कोरडा लागणारा आणि वळवळ करत मातीत घुसणारा दिसला तर तो वाळा. तो साप आहे, पण विषारी नाही. मुंग्या-वाळवीची अंडी खातो, त्याला जाऊ द्या. दोन्ही टोकं टेकवत कमान करून चालते ती जळू. शेणात पांढरा, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला दिसला तर ती भुंगेऱ्याची अळी, तिचा या दुखण्याशी संबंध नाही. आणि सुतासारखे बारीक पांढरे कृमी खतात शेकड्यांनी दिसले तर समजायचं, खत आंबट आणि फार ओलं झालंय.

आणखी एक. सह्याद्रीच्या रानात देशी चपटकृमीही आहेत. जांबोटी-कणकुंबीकडं फिरायला गेलात आणि ओल्या पाचोळ्यात असा एखादा दिसला तर त्याला मारू नका, तो तिथलाच रहिवासी आहे. आपलं भांडण परड्यात आलेल्या पाहुण्याशी आहे.

आता खुरप्याचं. चपट्याची वाढ मुख्यतः तुटण्यातूनच होते. कुणी हात लावला नाही तरी तो शेपटीचं टोक एखाद्या पानाला घट्ट चिकटवतो आणि स्वतः पुढं सरकत राहतो. टोक तुटून मागं राहतं. ते तेवढंसं टोक लगेच हालचाल करू लागतं आणि आठ-दहा दिवसांत त्याला नवं डोकं फुटू लागतं. महिन्याला असे एक-दोन तुकडे तो आपणहून टाकतो. सासूबाईंनी खुरप्यानं एकाचे चार केले म्हणजे त्याचं दोन-तीन महिन्यांचं काम एका मिनिटात करून दिलं. पंधरा दिवसांत किडे वाढले ते यामुळंच. चिरडून, तोडून, कुदळीनं ठेचून तो संपत नाही. चिमट्यानं ओढतानासुद्धा तुटला तर दोन्ही तुकडे उचलायचे. बारीक तुकडा मातीत पडला तर त्याखालची मूठभर मातीही बरणीतच टाकायची.

विष आहे का, तर आहे. याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन सापडतं, फुगणाऱ्या विषारी माशात असतं तेच. २०१४ साली संशोधकांनी ते दाखवलं. गांडूळ त्याच्यापेक्षा थोराड असूनही दमतं ते यामुळंच. पण म्हणून घाबरून परडं बंद करायची गरज नाही. तो चावत नाही, डंख मारत नाही, अंगावर चढून येत नाही. उघड्या हातानं धरू नका एवढंच, त्या चिकट रसानं कातडीची आग होऊ शकते. लागलाच तर आधी कोरड्या कागदानं चिकटा पुसायचा, मग साबणानं दोनदा धुवायचं. नुसतं पाणी ओतलं तर तो हातभर पसरतो. मुलाला सांगून ठेवा, रेघांचा किडा दिसला तर हाक मार, उचलू नकोस. कुत्र्यानं तोंडात घेतला तर लाळ गळते, उलटी होऊ शकते. तोंड पाण्यानं धुवा आणि सुस्त वाटला तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढं मुद्दाम टाकू नका. झाडांना मात्र याचा काडीचा त्रास नाही. तो पान खात नाही, मूळ खात नाही. अळूच्या पानांना भोकं दिसत असतील तर ती बहुधा गोगलगायींची. तरी पावसाळ्यात अळू-पालेभाजी पान उलटं-सुलटं करून वाहत्या पाण्यात धुवा.

मारायची बरणी अशी करा. रुंद तोंडाची, झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या, लोणच्याची जुनी चालेल. एक लिटर पाण्यात पाव किलो साधं मीठ ढवळून विरघळवा, त्यातलं चार बोटं पाणी बरणीत ओता. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात लांब चिमटा किंवा आइस्क्रीमच्या दोन काड्या. हातमोजे नसतील तर दुधाची पिशवी हातावर चढवा. चपट्या मधोमध धरून ओढू नका. काडी डोक्याखाली सरकवून शेवयांसारखा गुंडाळून उचला, मग तुटत नाही. खाऱ्या पाण्यात पडला की आवळतो, फेस सोडतो आणि थोड्या वेळात विरघळल्यासारखा होतो. झाकण लावून रात्रभर राहू द्या. सकाळी ते पाणी संडासात ओता, झाडाच्या बुडात किंवा परड्याच्या मातीत नाही. मिठाऐवजी स्वयंपाकातला पांढरा व्हिनेगरही चालतो. तो स्प्रेच्या बाटलीत भरून फरशीवरच्या, भिंतीवरच्या चपट्यावर मारला तरी तो मरतो. पण कुंडीत मारू नका, कोवळी मुळं करपतात.

उचलायची वेळ रात्रीची. दिवसा तो कुंडीखाली, विटांच्या फटीत, ताटलीखाली दबून असतो. पाऊस थांबल्यावर रात्री नऊ ते अकरा, नाहीतर पहाटे उजाडायच्या आत बॅटरी घेऊन फिरा. हौदाच्या आतल्या कडा, बारदानाची खालची बाजू, अळूच्या देठांची बुडं, मोरीच्या पाण्याची वाट, एवढं पाहिलं तरी बहुतेक सापडतात. एखाद्या रात्री शिकार करताना दिसेल. गांडुळाला चिकट रसानं जखडून तो वरून पसरतो, आणि तोंड डोक्याला नसून पोटाच्या मधोमध असल्यानं तिथून पांढरी, चुरगळलेल्या मलमलीसारखी नळी बाहेर काढून गांडुळावर पांघरतो. गांडूळ तिथंच विरघळायला लागतं. बघायला किळसवाणं आहे, पण उचलायला हीच वेळ उत्तम, कारण तेव्हा तो हलत नाही.

रोज रात्री फिरणं जमत नसेल तर सापळा लावा. दोन फूट लांब जुनी फळी किंवा काळ्या प्लास्टिकचा दुहेरी तुकडा मातीवर सपाट ठेवायचा, वर दोन विटा. खालची माती ओली हवी आणि फळी मातीला घट्ट टेकलेली हवी, पोकळी राहिली की तिथं विंचू-गोम बसते. हौदाच्या चारी बाजूंना एकेक आणि कुंड्यांच्या रांगेत दोन, असे सहा पुरे. रोज सकाळी उन्हं चढायच्या आत उलटून पाहा. हात घालण्याआधी काठीनं उलटा. ज्या दिवशी पाहायला विसरलात त्या दिवशी तुम्ही चपट्याला घर बांधून दिलं असं समजा. रोज उलटायला होणार नसेल तर सापळा लावूच नका.

किती दिवस? तुटलेल्या तुकड्याला डोकं यायला दहा दिवस आणि नजरेत भरेपर्यंत आणखी आठवडा धरा. म्हणून सलग तीन आठवडे वेचणी हवी. पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस, दुसऱ्यात पाच-सहा आणि तिसऱ्यात बोटभर लांबीची पिल्लं असं काहीसं चित्र दिसलं तर काम बरोबर चाललंय. बहुतेक घरी दुसऱ्या आठवड्यात एकही दिसला नाही की बरणी कपाटावर जाते, आणि दसऱ्याला पुन्हा तेच.

आता हौद. पाऊस चालू आहे तोवर उन्हात वाळवायचा मार्ग बंद, त्यामुळं काम दोन टप्प्यांत करा.

आत्ता फक्त गांडुळं बाहेर काढायची. दहा बाय तीनच्या हौदातलं सगळं खत उपसून निवडत बसलात तर कंबर जाईल. त्यापेक्षा आमिष लावा. दहा-पंधरा दिवस जुन्या, गार झालेल्या शेणाचे नारळाएवढे आठ-दहा गोळे करा आणि जिथं मीठ कमी पडलं असेल अशा कोपऱ्यांत वीतभर खोल पुरा. ताजं शेण नको, ते तापतं आणि उरलेली गांडुळंही पळतात. तीन-चार दिवसांत जी काही जिवंत आहेत ती गोळ्यांत गोळा होतात. गोळे अलगद उचलून घमेल्यात ठेवा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या कागदावर एकेक फोडा. गडद कागदावर चपट्या दिसत नाही, म्हणून रंग सांगितला. गांडुळं हातानं वेचून बादलीभर साध्या पाण्यात एक-दोन मिनिटं सोडा. अंगाला चिकटून आलेला तुकडा सुटतो आणि बादलीच्या कडेला चिकटतो, तिथं तो ओळखू येतो. गांडुळं चाळणीत काढून घ्या, बादलीतलं पाणी मातीत न ओतता त्यात दोन मुठी मीठ टाकून संडासात ओता.

ही धुतलेली गांडुळं परत हौदात नाही टाकायची. भोकं असलेल्या फळांच्या क्रेटला आतून शेडनेट लावा, तळाला दोन बोटं नारळाच्या शेंड्या, वर आठ इंच गार शेण आणि सुका पाला निम्मेनिम्म, आणि त्यात सोडा. क्रेट जमिनीवर ठेवू नका. पडवीत, कोरड्या फरशीवर, चार विटांवर. चपट्याला कोरडी जागा ओलांडवत नाही, अंग सुकतं. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: वरून तो येऊ शकतो. चिकट धागा सोडून त्याला लोंबकळत तो खाली उतरतो, कोळ्यासारखा. म्हणून क्रेटच्या वर टांगलेली कुंडी किंवा मनीप्लँटची वेल नको. क्रेट तीन आठवडे असाच ठेवा, दर दोन रात्रींनी वरचं बारदान उचलून पाहा. एक जरी चपट्या दिसला तर पुन्हा बादली, पुन्हा नवा क्रेट आणि तीन आठवडे पहिल्यापासून मोजायचे.

हौदातला खारावलेला वरचा चार बोटांचा थर खरवडून नारळाच्या आळ्यात टाका, नारळ थोडं मीठ सोसतो. कुंड्यांना तो अजिबात नको, पानांच्या कडा जळतील. बाकीचं खत ताडपत्री टाकून तसंच झाकून ठेवा आणि वेचणी चालू ठेवा. ते कुणाला देऊ नका, मागितलं तरी.

दुसरा टप्पा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरची उन्हं पडली की. खत गच्चीवर किंवा अंगणातल्या फरशीवर दोन इंचांपेक्षा पातळ पसरा आणि दिवसातून दोनदा पंज्यानं परतवत तीन-चार दिवस कडक वाळवा. ढीग करून वाळवलं तर वरची कवची सुकते आणि आत चपट्या सुखानं बसतो. बहुतेकांची चूक इथंच होते. वाळलेलं खत झाडांना बिनधास्त घाला, त्यातला कस पुष्कळसा टिकतो. फक्त त्यातली गांडुळांची अंडीही मेली असं धरून चाला. रिकामा हौद ब्रशनं घासा, उकळतं पाणी कडांवरून, कोपऱ्यांतून आणि व्हर्मीवॉशच्या, म्हणजे हौदातून पाझरणारं पाणी बाहेर काढायच्या, भोकातून ओता. भेगा दिसतील त्या सिमेंटनं बुजवा, मग आठवडाभर उन्हात उघडा ठेवा.

पुन्हा भरताना तीन गोष्टी बदला. पहिली, छप्पर. बेळगावची झड वाऱ्याबरोबर आडवी येते, त्यामुळं पत्रा हौदाच्या चारी बाजूंनी निदान दीड फूट बाहेर हवा. दुसरी, बारदान. ते हौदाच्या काठावरून बाहेर लोंबून मातीला टेकलं की चपट्याला शिडीच मिळते. आतल्या मापाचंच कापा. तिसरी, हौदाभोवती दीड फूट रुंद पट्टा मोकळा करा, तण-अळू काढा आणि चार इंच जाड खडी पसरा. माती पावसानंतर दिवसभर ओली राहते, खडी तासा-दोन तासांत सुकते, एवढाच तिचा उपयोग आणि तो पुरेसा आहे. राख किंवा चुन्याची रेघ ओढायचा सल्ला कुणी देईल. एका सरीत ती वाहून जाते आणि चुना हौदात गेला तर गांडुळांना बाधतो.

पाण्याचंही बघा. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की हौदाला रोज पाणी लागत नाही, तरी सवयीनं आपण शिंपत राहतो. खत मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि बोटांतून एखाद-दुसराच थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर चार दिवस पाणी बंद आणि सुका पाला मिसळा. हौद फार ओला झाला की गांडुळं वर, कडेला येतात, आणि चपट्या तिथंच बसलेला असतो.

दाणेदार औषधाबद्दल. उसाला-भाताला टाकायची कार्बोफ्युरानसारखी दाणेदार औषधं या किड्यासाठी नाहीत. ती गांडुळांना मारतात आणि दाणे टिपणाऱ्या पाखरांनाही. क्लोरपायरीफॉसचंही तेच. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आमिष म्हणून खाव्या लागतात. चपट्या गोळी खात नाही, जिवंत शिकार खातो. ती गोळी खाईल तुमचं कुत्रं, आणि ते जिवावर बेततं. निंबोळी पेंड टाकायची तर झाडांसाठी टाका, यासाठी पैसे घालवू नका. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे सरकारी शेती खात्याच्या कचेरीत, विचारायला गेलात तर रिकाम्या हातानं जाऊ नका. झाकणाच्या पारदर्शक डबीत ओल्या कागदावर जिवंत चपट्या न्या, नाहीतर डोकं नीट दिसेल असा फोटो. ‘गांडुळासारखा किडा’ एवढंच सांगितलं तर हुमणीचं, म्हणजे त्या भुंगेऱ्याच्या अळीचं, औषध हातात पडायची शक्यता जास्त.

परड्यातून तो समूळ जाईल का? खरं सांगायचं तर उघड्या परड्यातून शंभर टक्के जाणं अवघड आहे. हौद आणि कुंड्या मात्र पूर्ण मोकळ्या राखता येतात, आणि परड्यात त्याची संख्या इतकी खाली आणता येते की मातीतली गांडुळं टिकून राहतात. तिथं जोर लपायच्या जागांवर द्या. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाका, प्रत्येक कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर उचला म्हणजे तळ सुकतो. भिंतीलगत रचलेल्या विटा, कौलं, फुटक्या कुंड्या हलवा. मोरीचं पाणी अळूत सोडलेलं असतं, ती ओल वर्षभर टिकते आणि उन्हाळ्यात चपट्या तिथंच दबून राहतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवस ते पाणी दुसरीकडं वळवा. अळूचे कंद मरत नाहीत, पहिल्या पावसात पुन्हा फुटतात.

परड्यातल्या मातीत गांडुळं उरलीत का, हे आताच पाहून ठेवा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा, माती गोणीवर पसरून गांडुळं मोजा आणि परत बुजवा. अशा चार जागा, वहीत आकडे. खणायचं नसेल तर चाळीस ग्रॅम मोहरीची पूड चार लिटर पाण्यात मिसळून एक चौरस फुटावर दोन वेळा विभागून ओता. तिखटपणानं गांडुळं दहा मिनिटांत वर येतात. मोजून लगेच साध्या पाण्यात धुऊन सोडा. हे मोहरीचं पाणी हौदात कधीच नको. पुढच्या श्रावणात त्याच चार जागा पुन्हा पाहा. दुसऱ्याच्या परड्याशी तुलना करू नका, लाल मुरमाड मातीत आणि काळ्या मातीत गांडुळं सारखी नसतातच.

नवीन गांडुळांचं म्हणाल तर किलोभर आणून परड्यात सोडायचा विचार सोडा. विकत मिळतात ती शेणात-खतात राहणारी असतात. आपल्याकडं बहुधा आफ्रिकेतून आलेली युड्रिलस नाहीतर युरोपातून आलेली आयसेनिया. तीही परदेशीच, पण हौदाबाहेरच्या मातीत ती सहसा तग धरत नाहीत. मातीतली गांडुळं वेगळ्या जातीची. ती विकत मिळत नाहीत, पाला आणि ओल दिली की आपणहून वाढतात. हौदासाठी लागतीलच, पण क्रेट तीन आठवडे स्वच्छ राहिला आणि हौद वाळून झाला की मग. तोवर क्रेटमधल्या मूठभर गांडुळांची संख्याही वाढलेली असेल, एखाद किलोची भर पुरे. किलोत साधारण हजारभर गांडुळं येतात. आणलेली पिशवी थेट हौदात उलटी करू नका. तीही आधी कागदावर, मग बादलीत, मग क्रेटमध्ये, तीन आठवडे.

रोपांनाही हाच नियम. नर्सरीतलं रोप घरी आलं की काळ्या पिशवीसकट बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, लपलेलं काही असेल तर ते वर चढतं. मग पिशवी कापून मुळांच्या गोळ्याच्या बाहेरची बाजू आणि तळाची भोकं पाहा. चपट्या बहुधा पिशवी आणि मातीच्या मधल्या फटीतच असतो. नंतर ते रोप परड्यात न ठेवता पडवीत कोरड्या फरशीवर, पांढऱ्या ताटलीत, तीन आठवडे. हळदीचे, अळूचे कंद कुणाकडून आणले तर माती झटकून, धुऊन, दोन दिवस सावलीत सुकवून लावा.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तुळशीची किंवा गवतीचहाची रोपं वाटायचा विचार असेल, तर यंदा ती तुमच्या परड्यातल्या मातीत वाढवू नका. कोकोपीट आणि ऑक्टोबरात वाळवलेलं खत निम्मंनिम्म घेऊन गच्चीवर वाढवा, कुंड्या कठड्यावर ठेवून.